दुर्बीण सगळ्यात शेवटी: जुन्या लष्करी स्नायपर धाटणीची एअर रायफल नेमबाजीसाठी तयार करताना

दुसऱ्या महायुद्धातली एनफिल्ड, माउझर किंवा मोसिन-नगांत अशा एखाद्या स्नायपर रायफलीसारखी दिसणारी आणि कागदावर खरोखर नेम धरणारी ४.५ मिमीची एअर रायफल थोडक्या खर्चात उभी करता येते. पण बहुतेक जण सुरुवातच उलटी करतात. रायफल घरी आली की त्याच संध्याकाळी तिच्यावर दुर्बीण चढते. मग छर्रे इकडेतिकडे जातात, दुर्बिणीची टरेटं (नेम सरकवायच्या गोल खुंट्या) फिरवून फिरवून हात दुखतात आणि शेवटी दोष रायफलीवर येतो. मुळात रायफल बसलेली नसते, छर्रा ठरलेला नसतो, दस्त्याचे स्क्रू सैल असतात. या तिन्ही गोष्टी दुर्बीण दुरुस्त करत नाही, फक्त झाकते.

म्हणून खालचा क्रम पाळा. एखादा टप्पा कंटाळवाणा वाटला तरी पुढे उडी मारू नका.

## १. आधी कायदा आणि घरची शिस्त

शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमी (०.१७७ इंच) पर्यंतच्या बोअरच्या (नळीच्या आतल्या व्यासाच्या) आणि २० जूलपर्यंतच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. यातली एकही मर्यादा ओलांडली की परवाना लागतो. तेव्हा जास्त ताकदीची स्प्रिंग घालून घेऊ नका. कागद भोकायला तिची गरजही नसते. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २०० मीटर वेगाने गेला तर ऊर्जा १० जूल होते. १० ते २५ मीटरच्या नेमबाजीला तेवढी भरपूर आहे. पावती आणि ओळखपत्राची प्रत रायफलीच्या पिशवीतच ठेवा.

सावधान: ही रायफल लांबून खऱ्या लष्करी रायफलीसारखी दिसणार आहे. गच्चीवर, रस्त्यावर, गाडीच्या मागच्या काचेत ती उघडी दिसू देऊ नका. ने-आण बंद पिशवीतूनच करा. पक्ष्यांवर, जनावरांवर नेम धरू नका, तो वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. आणि खऱ्या बंदुकीचा कोणताही भाग या कामात आणू नका.

## २. रायफल निवडताना

स्प्रिंग-पिस्टनची, लाकडी दस्त्याची, वर ११ मिमीची खाचेची पट्टी (डव्हटेल) असलेली रायफल घ्या. बॅरल जागेवर पक्की राहणारी आणि खालच्या लिव्हरने भरली जाणारी मिळाली तर उत्तम, कारण दर वेळी बॅरल मोडावी लागत नाही. शिवाय लष्करी रूपही तिलाच जास्त शोभतं. बजेट कमी असेल तर बॅरल मोडून भरायची साधी रायफलही चालेल.

दुकानात तीन गोष्टी बघा. बॅरल मोडणारी असेल तर बंद करून टोकाला धरून आडवी हलवा, सांध्यात जराही खेळ नको. पट्टीवर मागच्या बाजूला, दुर्बीण सरकू न देणाऱ्या स्टॉप-पिनसाठी भोक किंवा आडवी खाच आहे का, ते बघा. आणि दस्ता उंचीला, हाताच्या लांबीला बसतो का, हे खांद्याला लावून बघा.

पैसे कुठे वाचवायचे, तर रूपावर. कुठे वाचवायचे नाहीत, तर दुर्बिणीच्या रिंगांवर आणि छऱ्यांवर.

## ३. छर्रेपेटी आणि टेबल

रायफल हातात घेण्याआधी छर्रा कुठे थांबणार, ते ठरवा. प्लायवूडची खोकेवजा पेटी करा, मागे ३ मिमीचा लोखंडी पत्रा आणि त्याच्यापुढे घट्ट दाबून भरलेल्या जुन्या कपड्यांच्या चिंध्या. दोन-तीनशे छऱ्यांनंतर नेमाच्या जागी चिंध्या विरतात, त्या बदला. पेटीच्या मागे आणि बाजूंना भिंत असू द्या, दार किंवा खिडकी नको.

डोळ्यांवर चष्मा हवाच. उघड्या पत्र्यावर आपटलेला छर्रा सरळ मागे येतो. छर्रे शिशाचे असतात, म्हणून सत्र संपलं की साबणाने हात धुवा, मगच चहाला बसा.

## ४. उघड्या नेमावर रायफल बसवा

हा टप्पा सगळेच गाळतात. मी पण पहिल्या रायफलीला गाळला होता आणि पूर्ण एक महिना दुर्बिणीचे आकडे बदलण्यात घालवला.

स्वच्छता. नव्या बॅरलमध्ये कारखान्याचं संरक्षक तेल असतं. मासेमारीच्या नायलॉन दोरीला लहानसं सुती कापड अडकवा आणि मागून पुढे ओढा. कापड कोरडं येईपर्यंत तुकडे बदलत राहा. पोलादी ब्रश घालू नका. पिस्टनच्या बाजूला शिलाई मशीनचं किंवा गाडीचं तेल सोडू नका. दाबलेल्या हवेत ते पेट घेतं, रायफल आवाज करते, धूर येतो आणि पिस्टनचं सील जळतं.

स्क्रू. दस्त्याच्या पुढच्या बाजूचे दोन आणि चापाच्या कड्याजवळचे स्क्रू काढून त्यांचं तेल पुसा, निळ्या रंगाच्या थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एकेक थेंब लावा आणि पुन्हा घट्ट करा. लाल थ्रेडलॉक नको, तो पुढे स्क्रू काढू देत नाही. स्प्रिंग रायफलीचे स्क्रू आपोआप सैल होतात आणि छर्रे पसरायला लागतात. माझ्या माहितीतल्या निम्म्याअधिक "बिघडलेल्या" रायफली फक्त याच कारणाने बिघडलेल्या होत्या.

बसवणं. १० मीटरवर, माशी (पुढचा नेम) आणि मागच्या नेमपट्टीवर, ३०० ते ५०० छर्रे झाडा. सुरुवातीला धूर येईल, वेग कमीजास्त होईल. हळूहळू आवाज एकसारखा होतो. कान देऊन ऐका, तो बदल स्पष्ट कळतो.

सावधान: छर्रा न घालता चाप कधीही दाबू नका. पुढे हवेची गादी नसली की पिस्टन थेट सिलिंडरच्या टोकावर आदळतो. आणि छर्रा भरताना बॅरल किंवा लिव्हर दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवा. ती सुटली तर बोट जातं.

छर्रा ठरवणं. चपट्या तोंडाचे दोन-तीन प्रकारचे छर्रे आणा, वजन साधारण ०.४५ ते ०.५५ ग्रॅम. चपटा छर्रा कागदात स्वच्छ गोल भोक पाडतो, गुण मोजणं सोपं जातं. २५ मीटरच्या पुढे जायचं असेल तरच गोल तोंडाचे घ्या. डब्यावर डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ असा लिहिलेला असेल तर वेगवेगळे करून बघा. प्रत्येक प्रकाराचे आधी दहा छर्रे नुसते झाडा, बॅरलला त्याची सवय होऊ द्या, मग पाच-पाचचे तीन ग्रुप (भोकांचे पुंजके) काढा. सगळ्यांत लहान ग्रुप ज्याचा, तो तुमचा छर्रा. तो कागदाच्या मधोमध लागतोय का, हे आत्ता बघायचंच नाही.

तपासणी: १० मीटरवर उघड्या नेमाने टेकून पाच छर्रे एक रुपयाच्या नाण्याखाली झाकले जातात का? जात नसतील तर दुर्बिणीचा विचार आज नको. पुन्हा स्क्रू बघा, पुन्हा छर्रा बदला.

## ५. दस्त्याला लष्करी रूप

लाकडाचं काम दुर्बिणीच्या आधी करायचं, कारण त्यासाठी दस्ता काढावा लागतो. दुर्बीण लावून झिरो केल्यावर (म्हणजे नेम आणि छर्रा एका ठिकाणी आणल्यावर) दस्ता काढला की सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून.

फक्त दस्त्याचे स्क्रू काढा आणि यंत्रभाग उचलून बाजूला ठेवा. चापाच्या पेटीतल्या पिना हातोड्याने ठोकू नका. आत स्प्रिंग दाबलेली असते, काही रायफलींत त्याच पिना तिला धरून ठेवतात. ती सुटली तर चेहऱ्यावर येते.

कारखान्याचा चकचकीत लॅकर पॉलिशपेपरने उतरवा, आधी १८० नंबर, मग २४०, मग ४००. घासायचं लाकडाच्या रेषेच्या दिशेनेच. नंतर ओल्या फडक्याने दस्ता पुसा. लाकडाची लव उभी राहील. वाळू द्या, ४०० ने हलकेच पुन्हा घासा. हे दोनदा करा. एकदाच करणाऱ्याचा दस्ता पहिल्या पावसाळ्यात खरखरीत होतो.

जुन्या रायफलींच्या दस्त्यांना अक्रोडासारखा लालसर तपकिरी रंग असतो. पाण्यात विरघळणारा वूड स्टेन पातळ करून लावा, दोन हात पुरतात. त्यावर बॉइल्ड जवस तेल. कच्चं जवसाचं तेल घेऊ नका, ते आठवडे गेले तरी चिकट राहतं. सुती फडक्यावर चमचाभर तेल घ्या, तळहाताने लाकूड कोमट होईपर्यंत चोळा, वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून काढा आणि एक दिवस थांबा. असे सहा-सात हात. जाड थर देऊन दोन दिवसांत उरकायला गेलात तर वर सुरकुत्यांची साय धरते आणि ती पुन्हा खरवडावी लागते. पातळ थरांनी आलेली चमक वेगळीच असते, खिडकीजवळ दस्ता तिरका धरला की लाकडाच्या रेषा आतून उजळतात.

सावधान: जवस तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं आणि चुरगळलेलं फडकं आपोआप पेटू शकतं. ती बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

दस्ता परत बसवताना स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळा. मग वीस छर्रे उघड्या नेमावर झाडून ग्रुप आधीसारखाच येतो ना, ते बघा.

## ६. दुर्बीण: कोणती घ्यायची

मोठमोठ्या आकड्यांच्या मागे लागू नका. एनफिल्ड नंबर ४ (टी) रायफलीवरची नंबर ३२ दुर्बीण तीन पटीची होती आणि मोसिनवरची पीयू साडेतीन पटीची. म्हणजे ४x३२ ची (चौपट दाखवणारी, ३२ मिमी भिंगाची) साधी, स्थिर दुर्बीण इतिहासाला धरूनही आहे आणि स्वस्तही. लहान आकारामुळे ती या रायफलीवर शोभते. ६-२४ पटीची जाडजूड दुर्बीण चढवली की रूप गेलंच, आणि हाताचा प्रत्येक थरथराट मोठा दिसू लागतो.

दोन गोष्टींत मात्र तडजोड नको.

पहिली, ती स्प्रिंग एअर रायफलीसाठी बनवलेली असली पाहिजे. साध्या बंदुकीचा धक्का एकाच दिशेचा, मागे. स्प्रिंग रायफलीत पिस्टन पुढे धावताना रायफल मागे जाते आणि पिस्टन हवेच्या गादीवर थांबताच ती झटकन पुढे येते. हा उलटा झटका साध्या दुर्बिणीच्या आतली भिंगं सैल करतो. माझी पहिली दुर्बीण शंभर छऱ्यांच्या आत गेली. कानाशी धरून हलवली तर आत बारीक खुळखुळ ऐकू यायची. विकणाऱ्याने "मोठ्या रायफलीला चालते, मग याला का नाही चालणार" असं सांगितलं होतं. मोठ्या रायफलीला चालते, म्हणूनच याला चालेल, असं नसतं.

दुसरी, पॅरलॅक्स १० मीटरपर्यंत जुळवता आला पाहिजे. रायफलींच्या बऱ्याच दुर्बिणींचा पॅरलॅक्स १०० यार्डांवर कायमचा बसवलेला असतो. १० मीटरवर डोळा जरा सरकला की दुर्बिणीतली फुली लक्ष्यावरून सरकते आणि नेम बरोबर असूनही छर्रा बाजूला जातो. पुढच्या भिंगाभोवती अंतराचं कडं असलेली दुर्बीण घ्या.

एक नेहमीची चूक: माउझरची झेडएफ ४१ ही दीडपटीची छोटी दुर्बीण बॅरलच्या बाजूला, पुढे बसवलेली असते, ती नक्कल करायला जाणं. ती डोळ्यापासून लांब ठेवण्यासाठीच बनवलेली होती. साधी दुर्बीण तिथे लावली तर काळ्या वर्तुळाच्या मधोमध टिकलीएवढं चित्र दिसेल.

आणि खऱ्या रायफलीसारखी बाजूची पट्टी हवी म्हणून यंत्रभागावर ड्रिल मारू नका. स्प्रिंग रायफलीचा तो भाग म्हणजेच हवा दाबणारं सिलिंडर आहे. एक भोक पडलं की रायफल संपली.

## ७. दुर्बीण बसवणं

एका तासाचं काम आहे, घाई नको. चांगला उजेड, मऊ कापड अंथरलेलं टेबल, चांगल्या प्रतीची ॲलन की, थोडा थिनर आणि एक ओळंबा इतकं जवळ घ्या.

1. तेल पुसा. पट्टी, रिंगांचे जबडे, रिंगांच्या आतली बाजू आणि दुर्बिणीची नळी थिनरच्या फडक्याने कोरडी करा. तेलकट रिंग कितीही आवळली तरी सरकते.
2. स्टॉप-पिन बसवा. मागच्या माउंटची (रिंगेला पट्टीवर धरणाऱ्या तळाची) पिन पट्टीच्या भोकात उतरली पाहिजे. रायफल पुढे झटकते तेव्हा दुर्बीण जागेवर राहू बघते, म्हणून माउंट पट्टीवर मागे मागे सरकत जातो. पट्टीला भोक नसेल तर माउंटच्या मागे वेगळा अडथळा-ठोकळा लावा.
3. खालच्या अर्ध्या रिंगांत दुर्बीण ठेवून बघा. डुलते का, कुठे फट दिसते का? डुलत असेल तर माउंट तिरके आहेत. रिंगांच्या वरच्या पट्ट्या आवळून ती सरळ करू नका, नळी वाकते.
4. डोळ्याचं अंतर. रिंगा सैल ठेवा. डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. पूर्ण गोल, काळ्या कडेशिवाय दिसेपर्यंत दुर्बीण पुढेमागे करा. झोपून आणि बसून, दोन्ही प्रकारे बघा.
5. फुली सरळ करा. समोरच्या भिंतीवर ओळंबा टांगा. रायफल पाणसळीने समतल करून घट्ट टेकवा आणि फुलीची उभी रेघ ओळंब्याच्या दोरीवर आणा. नुसत्या नजरेने "बरोबर वाटतंय" म्हणून सोडू नका, नजर फसवते.
6. आवळा. रिंगेच्या वरच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंची फट सारखी ठेवत, स्क्रू तिरकस क्रमाने पाव-पाव फेरा आवळा. ॲलन कीचं आखूड टोक दोन बोटांत धरून जितका जोर लागतो, तितकाच पुरे. लांब टोकाला धरून आवळलं की नळीवर कायमचा वळ उठतो.
7. खूण करा. मागच्या माउंटच्या लगेच मागे पट्टीवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढा.

तपासणी: पन्नास छऱ्यांनंतर रेघ आणि माउंट यांच्यात काही बदल? माउंट रेघेवर चढला असेल तर झिरो करणं थांबवा आणि दुसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.

## ८. झिरो करताना

दोन्ही टरेटं आधी मध्यावर आणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलक्या हाताने क्लिक मोजा आणि निम्मे परत या. आता १० मीटरवर पाच छर्रे झाडा. एकाच छऱ्यावरून टरेट फिरवणं ही सगळ्यांत जुनी चूक आहे. पाचांच्या ग्रुपचा मध्य धरा आणि तिथून मोजा.

पाव एमओएच्या (एमओए म्हणजे एका अंशाचा साठावा भाग) टरेटवर एक क्लिक म्हणजे १० मीटरवर सुमारे ०.७ मिमी, २५ मीटरवर सुमारे १.८ मिमी. ग्रुप १४ मिमी खाली असेल तर १० मीटरवर वीस क्लिक वर. मग पुन्हा पाच छर्रे.

बॅरल मोडणाऱ्या रायफलींत ग्रुप कधीकधी इतका खाली येतो की टरेट संपतं. शेवटपर्यंत फिरवलेल्या टरेटच्या आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो टिकत नाही. अशा वेळी मागच्या रिंगेच्या तळाशी जुन्या कॅमेऱ्याच्या फिल्मचा तुकडा घाला. दोन रिंगांत १०० मिमी अंतर असेल तर दर ०.१ मिमी जाडीला छर्रा १० मीटरवर १० मिमी वर जातो. एक किंवा दोन तुकडे पुरे. त्याहून जास्त लागत असेल तर उताराचा खास माउंट घ्या, नाहीतर नळीवर ताण येतो.

एक अंतर ठरवा आणि त्यावरच झिरो ठेवा. दुर्बीण बॅरलच्या साधारण ४ सेंमी वर असते, त्यामुळे २० मीटरवर झिरो केलेल्या रायफलीचा छर्रा १० मीटरवर अर्धा सेंटिमीटरच्या आसपास खाली लागतो. ते दुर्बीण बिघडल्याचं लक्षण नाही, लगेच टरेटला हात घालू नका.

## ९. गालपट्टी आणि पकड

दुर्बीण उघड्या नेमापेक्षा उंच असते, म्हणून गाल हवेत राहतो आणि डोळा दर वेळी नव्या जागी येतो. एनफिल्ड (टी) ला दस्त्यावर लाकडी गालठोकळा स्क्रूने बसवलेला असायचा. तसाच लाकडातून करता येईल, पण आधी नमद्याचे थर कापडी पट्टीने बांधून उंची ठरवा. दोन सत्रं तशीच काढा. उंची नक्की झाली की चामड्याचं काम करणाऱ्याकडून पट्टे आणि बकल असलेली गालपट्टी शिवून घ्या. तिची तपकिरी शिवण या रायफलीवर फार सुंदर दिसते.

पकड सैल हवी. स्प्रिंग रायफलीत छर्रा बॅरलमध्ये असतानाच रायफल हलत असते, म्हणून तिला दर वेळी एकसारखं हलू द्यायचं असतं. पुढचा दस्ता उघड्या तळहातावर ठेवा, बोटांनी आवळू नका. वाळूच्या पिशवीवर टेकवायची असेल तर मध्ये हात ठेवा. दोन पायांचा स्टँड लावून दाबून धरलेली रायफल चांगली दिसते, पण ग्रुप उघडतो.

ही रायफल क्लबच्या १० मीटर स्पर्धेत चालणार नाही, तिथे दुर्बिणीला परवानगी नसते. पण त्या स्पर्धेचा कागद जरूर वापरा. दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, आपण कुठे आहोत हे तो लगेच सांगतो.

## १०. पावसाळा

जून ते सप्टेंबर, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, दर सत्रानंतर बॅरल आणि सिलिंडर बाहेरून तेलाच्या फडक्याने पुसा. घामाच्या बोटांचे ठसे रात्रीत गंजतात. कापडी पिशवीत दिवसेंदिवस ठेवू नका, ती ओल धरते. सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात उभी ठेवा, स्प्रिंग कधीही दाबलेली नको. लाकूड ओलाव्याने फुगतं, म्हणून जुलैत दस्त्याचे स्क्रू एकदा तपासा आणि ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा एकदा. दोन्ही वेळा पाच छर्रे झाडून झिरो बघा, आणि आकडा वहीत तारखेसह लिहून ठेवा.